वाचायला बोलावलंय की बातमी करायला, हे आधी विचार

प्रिय ताई,

मी कोल्हापुरातल्या एका केबल चॅनेलवर संध्याकाळचं बुलेटिन वाचते. वय २६. पत्रकारितेचा अभ्यासक्रम केला, २०२१ च्या जूनमध्ये इथे लागले आणि पुढच्याच महिन्यात पूर आला. लाइट सारखी जात-येत होती, तरी आम्ही केबलवर आणि यूट्यूबवर दर तासाला पाणीपातळी देत होतो. तेव्हापासून लोक ओळखतात. भाजी आणायला गेले तरी "टीव्हीवाल्या ताई" म्हणून हाक येते आणि हाकेमागोमाग तुंबलेल्या गटारीची तक्रारही.

पगार सोळा हजार. गेल्या महिन्यात मुंबईच्या एका मराठी वृत्तवाहिनीनं स्क्रीन टेस्ट घेतली, निवडही केली. तीस हजार देतायत. शिफ्ट पहाटे पाचची, पद फक्त 'अँकर', सहा महिने प्रोबेशन. निघताना तिथले एक जण म्हणाले, "चेहरा चांगला आहे, बोलण्यातलं कोल्हापूर तेवढं घालवा."

इकडे मालकांनी सांगितलंय की आता सगळ्यांनी जाहिराती आणायच्या, अँकरनं तर आणायच्याच, पंधरा टक्के कमिशन. मी एका खासगी दवाखान्याची जाहिरात आणली. तीन आठवड्यांनी त्याच दवाखान्यात एक बाळंतीण दगावली. नातेवाइकांनी दारात ठिय्या मांडला, आमच्या कॅमेरामननं शूट केलं, पण बातमी लागली नाही. नंतर त्या बाईच्या नवऱ्याचा मला फोन आला, "ताई, तुमच्याकडं येणार होतं न्हवं?" मी काहीतरी पुटपुटून ठेवला.

बाबा म्हणतात, टीव्हीवर तोंड दाखवायचं वय किती दिवस पुरणार, बी.एड. कर. आई स्थळं बघतेय. मुंबईला जाऊ, इथेच राहू, की हे सगळं सोडूनच देऊ?

— एक निवेदिका, कोल्हापूर

*

तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी त्या फोनचं बघू.

त्या माणसाला उलटा फोन कर. उद्या नको, हे वाचून झालं की लगेच. त्याला खरं ते सांग: शूट झालं होतं, बातमी लागली नाही, आणि लावायची की नाही हे ठरवणं तुझ्या हातात नव्हतं. "लावतेच" असं आश्वासन देऊ नको. मात्र त्याच्या उपयोगाच्या दोन गोष्टी सांग. एक, दवाखान्याकडे बायकोच्या उपचारांची सगळी कागदपत्रं लेखी अर्ज करून मागायची आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे अशी मागणी झाल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. दोन, शहरातल्या खासगी दवाखान्यांची नोंदणी महापालिकेकडे असते, म्हणून तक्रार तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडेही करायची. घरात माणूस गेलेला असताना हे कुणाला सुचत नाही, आणि सांगणारंही कुणी भेटत नाही.

आता बातमीचं. ती मेलेली नाही. ठिय्या आंदोलनाचं फुटेज शिळं झालं असेल, बातमी नाही झाली. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या बेचाळीस दिवसांत बाई दगावली, की तो मृत्यू सरकारी असो वा खासगी दवाखान्यातला, आरोग्य यंत्रणेला कळवावा लागतो आणि जिल्हा पातळीवर त्याचं अन्वेषण व्हावं लागतं. हा मृत्यू कळवला गेला का? जिल्ह्याच्या अन्वेषण समितीपुढे कधी येणार? दवाखान्याचं म्हणणं काय? तीन प्रश्न, तीन फोन. त्यातून निघते ती बातमी कुणावर चिखल उडवत नाही आणि कुणाला वाचवतही नाही. स्क्रिप्टमध्ये "निष्काळजीपणामुळे मृत्यू" असं लिहायचं नाही, तो निष्कर्ष आपला नव्हे. "निष्काळजीपणाचा नातेवाइकांचा आरोप", मग डॉक्टरांची बाजू, मग आरोग्य विभाग काय करतोय ते. ही स्क्रिप्ट तू स्वतः लिही आणि मालकांपुढे ठेव. "ठिय्याची बातमी लावा" यापेक्षा "आरोग्य विभागाची बातमी आहे, दोन्ही बाजू घेतल्यात" हे नाकारणं त्यांना जड जाईल. तरीही नाकारलं तर आपण कुठे काम करतोय ते तुला स्वच्छ दिसेल, आणि पुढचा निर्णय त्या उजेडात घेता येईल.

त्या जाहिरातीचं कमिशन मिळालं असेल तर परत कर. रक्कम फार नसेल. पण ती तुझ्या खात्यात आहे तोवर त्या दवाखान्याबद्दल तू काहीही वाचलंस किंवा वाचलं नाहीस, तरी उद्या कुणीही तुझ्याकडे बोट दाखवेल, आणि तुला उत्तर देता येणार नाही.

जाहिरातींचं मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण तुझ्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे. गावातल्या चॅनेलचं अर्थकारण मला ठाऊक आहे. सेट टॉप बॉक्सच्या पैशांवर बातम्यांचा विभाग चालत नाही. सराफांच्या, साड्यांच्या दुकानांच्या, क्लासेसच्या जाहिराती, नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि निवडणुकीचा हंगाम, यावर कॅमेरामनचा पगार निघतो. तेव्हा मालकांना जाहिराती हव्यात यात गैर काही नाही. त्या कुणी आणायच्या, एवढाच प्रश्न आहे. मालक म्हणतात, तुमचा चेहरा बघून लोक देतात. अगदी बरोबर, आणि नेमकं म्हणूनच तू जाऊ नयेस. दुकानदार तुझ्या चेहऱ्याचे पैसे देतो तेव्हा तुझ्या बुलेटिनमधली थोडी जागाही विकत घेतली असं तो धरून चालतो. तोंडानं बोलत नसेल, पण वेळ आली की हक्कानं फोन करतो.

मालकांशी बोलताना तत्त्वाची भाषा वापरू नको, त्यांच्या धंद्याची वापर. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत स्पष्ट आहे की जाहिरात ही कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे. पडद्याच्या खालच्या भागात जाहिरातीच्या ओळी सरकवून कार्यक्रमात व्यत्यय आणू नये, असंही त्यातच म्हटलंय. निवडणुकीत तर याहून कडक. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशापासून केबलवर दाखवायची राजकीय जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, आणि बातमीच्या वेषातली जाहिरात पकडायला जिल्ह्यात माध्यम प्रमाणन समिती बसलेली असते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर आपल्या राज्यातल्या पेड न्यूजची, म्हणजे पैसे घेऊन दिलेल्या बातम्यांची, चर्चा देशभर झाली होती. जी अँकर सकाळी उमेदवाराकडून जाहिरातीचा चेक आणते आणि संध्याकाळी त्याच्या सभेची बातमी वाचते, तिच्यामुळे नोटीस चॅनेलला येते. मालकांना हे समजेल.

आणि पर्याय घेऊन जा. "प्रायोजित" अशी पट्टी पूर्ण वेळ पडद्यावर ठेवून होणारा एखादा कार्यक्रम असेल, दिवाळीची खरेदी, पाककृती, शेतीची अवजारं, तर त्याचं सूत्रसंचालन करायला तू तयार आहेस, असं सांग. बुलेटिनमध्ये नाही, आणि पैशांचं बोलणं तू करणार नाहीस. हे मेलवर लिहून दे. तोंडी बोललेलं चार दिवसांत विरतं.

आता मुंबई.

आलेली ऑफर जशी आहे तशी घेऊ नको. नाकारूही नको. त्यांच्याकडे एक बदल माग आणि ते काय म्हणतात त्यावर ठरव. बदल असा: पद 'अँकर' एवढंच नको, 'अँकर-प्रोड्युसर' हवं, म्हणजे बुलेटिन वाचणारी आणि घडवणारीही. आठवड्यातले निदान दोन दिवस आउटपुट डेस्कवर, म्हणजे बातम्या लिहून प्रसारणासाठी तयार होतात तिथे, किंवा बातमी गोळा करायला फील्डवर. पैशांपेक्षा याचं महत्त्व जास्त आहे, आणि का ते नीट सांगते, कारण "वाचायला मिळतंय तर घे" असं सांगणारे तुला खूप भेटतील.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मराठी बातम्या वाचणारे जे चेहरे त्या काळात घराघरांत पोहोचले, ते आठवून बघ. स्मिता पाटील तिथून सिनेमात गेल्या. भक्ती बर्वे रंगभूमीवरच्या. अनंत भावे प्राध्यापक, मुलांसाठी लिहिणारे. प्रदीप भिडे यांनी दीर्घकाळ बातम्या वाचल्या, पण त्यांच्या आवाजाला बातम्यांबाहेरही निवेदनाचं, सूत्रसंचालनाचं मोठं काम होतं. म्हणजे ज्या काळात निवेदकाला सर्वांत जास्त मान होता, त्या काळातही नुसतं वाचन हे बहुतेकांचं पूर्ण आयुष्याचं काम नव्हतं. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आले, २००८ मध्ये आयबीएन-लोकमत आलं, आणि चोवीस तासांच्या बातम्यांबरोबर अँकर ही पूर्णवेळ नोकरी झाली. त्या नोकरीचं स्वरूपही बदललं. कानात टॉकबॅकवरून येणाऱ्या सूचना, समोर मजकूर दाखवणारा प्रॉम्प्टर, मध्येच ब्रेकिंग, रिपोर्टरशी फोनवरून थेट बोलणं (फोनो), आणि स्क्रिप्ट नसताना दहा मिनिटं बोलत राहणं. जी माणसं टिकली ती या शेवटच्या कामावर टिकली. विषय आधीच डोक्यात असल्याशिवाय ते येत नाही.

आणि आता तिसरा टप्पा आलाय. २०२३ मध्ये ओडिशातल्या एका वाहिनीनं 'लिसा' नावाची संगणकानं बनवलेली निवेदिका आणली. मे २०२४ मध्ये डीडी किसाननं 'क्रिश' आणि 'भूमी' हे दोन तसेच निवेदक आणले, पन्नास भाषांत बोलू शकतील असं सांगून. त्यांना पहाटेची शिफ्ट चालते, कॅब लागत नाही. तुला घाबरवायला हे सांगत नाही. समोर आलेला मजकूर चुकारहित वाचणं, एवढंच ज्या पदाचं काम आहे, त्या पदावर पाच वर्षांनी कुणाला किती पगार मिळेल याचा विचार करायला सांगते आहे. तुला देऊ केलेलं पद आज तरी तेवढंच दिसतंय.

तुझ्याकडे त्याहून जास्त आहे, आणि ते तू पत्रात एका वाक्यात उरकलंस. पुराचं वाक्य.

कोल्हापुरात पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी हा आकडा घरातली म्हातारी माणसंही तोंडपाठ सांगतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ दिवसेंदिवस बंद राहिला. मुंबईच्या वाहिन्यांवर तेव्हा "कोल्हापूरला महापुराचा वेढा" एवढं मोठ्या अक्षरांत दिसत होतं. पण नदीकाठच्या प्रयाग चिखलीतल्या किंवा आंबेवाडीतल्या माणसाला हे कळून उपयोग नसतो. त्याला हवं असतं की राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले. सातपैकी एक उघडला की १४२८ क्युसेक. मग भोगावतीतून ते पाणी खाली यायच्या आत जनावरं हलवायची की रात्र काढायची, हे तो ठरवतो. त्याला हवं असतं की शिये रस्ता चालू आहे की बंद. 'बावड्यात पाणी' म्हणजे शहराला लागून असलेल्या कसबा बावड्यात की घाटावरच्या गगनबावड्यात, हा फरक मुंबईच्या डेस्कवर बसलेल्या नवख्या मुलाला ठाऊक नसतो. तुला झोपेतही ठाऊक आहे.

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात तू हे काम केलंस. कुठला आकडा आधी द्यायचा, कुठली अफवा गाळायची, कुणाला फोन लावला की खरं कळतं, हे तू त्या दिवसांत शिकलीस. याला संपादन म्हणतात. मी वाहिनीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. अँकरपदासाठी आलेल्या मुलामुलींच्या शो रील, म्हणजे कामाचे नमुने दाखवणारे व्हिडिओ, खूप पाहिल्या. ब्लेझर, मागे क्रोमाचा पडदा, पाठ केलेल्या चार हेडलाइन्स. सगळ्या एकसारख्या दिसतात. पुरात उभं राहून, कागदाविना, फोनवर तलाठ्याला नेमका प्रश्न विचारणारी मुलगी रीलमध्ये दिसली की डेस्कवरची माणसं खुर्ची पुढे ओढतात. तुझं ते फुटेज चॅनेलच्या हार्डडिस्कवर असेल तर आजच मागून घे. अशी जुनी फुटेजं जागा करायला पुसली जातात.

नुसतं वाचणारी राहू नको म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. स्क्रिप्ट कुणीही लिहो, चेहरा तुझा असतो. समज, बलात्काराची बातमी आहे. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ मध्ये नाव, पत्ता, फोटो यांच्याबरोबर शाळा आणि परिसरही येतो. मोठ्या शहरात "उपनगरातली एक विद्यार्थिनी" म्हटलं की कुणाला पत्ता लागत नाही. आपल्याकडे "अमुक पेठेतली, आठवीत शिकणारी, वडील रिक्षा चालवतात" एवढं वाचलं की अख्ख्या पेठेला घर कळतं. स्ट्रिंगरनं, म्हणजे बातमीगणिक पैसे घेणाऱ्या वार्ताहरानं, घाईत पाठवलेलं असं वाक्य प्रॉम्प्टरवर येतं आणि अँकर वाचून मोकळी होते. एका मुलीचं शाळेत जाणं बंद होतं. ते वाक्य थांबवण्याचा अधिकार तुझ्या पदात असला पाहिजे, मुंबईत असो की कोल्हापुरात. हा अधिकार मिळणार का, एवढ्या एका कसोटीवर दोन्ही नोकऱ्या तोलून बघ.

मुंबईवाल्यांनी पदातला बदल मान्य केला तर जा. मनापासून सांगते, जा. मोठ्या न्यूजरूममध्ये रोजच्या मीटिंगला बसणं, रनडाऊन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम, बनताना बघणं, चुकलेली ओळ ऑन एअर जाण्याआधी कुणीतरी पकडणं, हे शिक्षण गावात मिळत नाही. पण सही करण्याआधी ऑफर लेटरमध्ये काही गोष्टी बघून घे. नेमणूक कायम आहे की वर्षाच्या करारावर. नोटीस पिरियड तुला तीन महिने आणि त्यांना पंधरा दिवस असं तर नाही ना. आधी सोडलं तर पैसे भरण्याचा बाँड आहे का. पीएफ तीस हजारांतून कापून हातात किती येतात, हे आकड्यात विचार. भाडं, लोकलचा पास, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे वजा करून काय उरतं ते कागदावर मांड. सोळाचे तीस ऐकायला दुप्पट वाटतात, पण कोल्हापुरात तू घरी जेवतेस.

पहाटेच्या शिफ्टचं वेगळं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर बोलावायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकानं करायची असते. पाचची शिफ्ट म्हणजे तू साडेतीनला घराबाहेर. कॅब लेखी माग. "बघू, सगळ्या मुली मॅनेज करतात" असं उत्तर आलं तर त्या उत्तरावरून बाकीचं ऑफिसही ओळख.

हे विचारताना तुझ्या सध्याच्या नोकरीचे कागदही काढ. नेमणूकपत्र आहे का? पगार बँकेत होतो की हातात? १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा वृत्तपत्रांपुरता लिहिलेला होता, टीव्हीवाल्यांना तो धरत नव्हता. २०२० च्या नव्या श्रम संहितेत पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यम आलं आहे. पण तू त्या चॅनेलची कर्मचारी आहेस हे दाखवणारा कागदच नसेल तर कुठलीही व्याख्या उपयोगी पडत नाही. अनुभवाचा दाखलाही आत्ताच, संबंध चांगले आहेत तोवर घे.

मुंबईनं बदल नाकारला तर काय? तर इथेच राहा, पण आजच्यासारखी नको. मालकांकडे पगारवाढीआधी बातम्यांची यादी ठरवण्याचा अधिकार माग: रोज दुपारची मीटिंग तू घ्यायचीस, शेवटची स्क्रिप्ट तू बघायचीस. आणि आठवड्यातून एकदा स्वतःचा पंधरा मिनिटांचा एकच विषय. महापालिकेचं बजेट, पंचगंगेचं प्रदूषण, केएमटी या शहर बससेवेच्या बंद फेऱ्या, ऊसदराचं आंदोलन. विषयांना तोटा नाही. वर्षभरात असे चाळीस-पन्नास भाग झाले की पुढची स्क्रीन टेस्ट तुला द्यावी लागणार नाही, भाग दाखवले की पुरे.

उच्चारांबद्दल त्यांनी जे म्हटलं ते तुला लागलंय, हे पत्रात दिसतं. त्यातलं घेण्यासारखं तेवढं घे. 'न' आणि 'ण' यांची गल्लत होत असेल तर ती काढ, कारण घाईत ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च वेगळा निघतो का, ते स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून तपास. रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाच, श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीनं खूण करून. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. बोलण्याचा हेल मात्र मारून टाकू नको. स्पष्ट कळणाऱ्या मराठीत कोल्हापूरची, लातूरची, अकोल्याची लय असली तर बातमीचं काही बिघडत नाही. उलट राज्याच्या वाहिनीवर राज्य ऐकू यायला हवं. सगळ्यांनी एकाच चाळणीतून गाळल्यासारखं बोललं की पडद्यावर कोण बसलंय याला अर्थ उरत नाही.

बाबांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, म्हणून त्यांच्याशी भांडू नको. पडद्यावर पुरुष निवेदक पिकल्या केसांनी बसलेला चालतो आणि बाईच्या चेहऱ्याला वय लावलं जातं, हे आपल्या वाहिन्यांत आजही आहे. ते अन्यायाचं आहे, आणि एकट्या तुझ्या जिद्दीनं ते उद्या बदलणार नाही. पण बाबा ज्याला तुझी नोकरी समजतायत ते तुझ्या कामाचं वरचं कवच आहे. एकदा त्यांना न्यूजरूममध्ये घेऊन जा. दुपारी चार ते सात बसू दे. स्क्रिप्ट लिहिताना, फोन लावताना, कॅमेरामनशी वाद घालताना बघू दे. बी.एड. ही चांगली पदवी आहे आणि शिक्षकी चांगलं काम आहे, पण ते शिकवण्याची ओढ असलेल्यानं करावं, घाबरलेल्यानं नव्हे. स्थळांचं आईला एवढंच सांग की पहाटे किंवा रात्री कामावर जाणारी सून ज्यांना चालणार नाही, त्यांना घरी बोलवूच नको. पहिल्या भेटीत हे बोललं की दोन्हीकडचा वेळ वाचतो.

सोडून देण्याबद्दल विचारलंस. ज्या बाईला झोप लागत नाही कारण एक बातमी लागली नाही, तिनं हे काम सोडावं असं मला वाटत नाही. थकलीस तर आठ दिवस रजा घे, राजीनामा नको.

मुंबईला मेल आज पाठव. असा लिही:

"निवडीबद्दल आभार. कोल्हापुरात मी बुलेटिन वाचते तसंच त्यातल्या बातम्यांवर कामही करते. २०२१ च्या पुरातलं काम सोबतच्या लिंकवर आहे. मला अँकर-प्रोड्युसर म्हणून रुजू व्हायला आवडेल, आठवड्यातून दोन दिवस आउटपुट डेस्क किंवा फील्डवर. पहाटेच्या शिफ्टसाठी घरापासून वाहनाची सोय आणि करारातला दोन्ही बाजूंचा नोटीस पिरियड कृपया लेखी कळवावा."

फोन करून कुणी म्हणालं, "आधी ये तर खरी, मग बघू," तर नम्रपणे सांग की मेलवर कळवा. तसा मेल हातात येईपर्यंत इथला राजीनामा द्यायचा नाही.